चित्र चांगलं म्हणून घरोघरी गेलं, की घरोघरी गेलं म्हणून चांगलं वाटतं?

वाईची_लेक

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, पण महिनाभर डोक्यात घोळतोय म्हणून इथे टाकतेय.

मागच्या महिन्यात आम्ही सगळे आजीचं वाईचं घर आवरायला गेलो होतो. देवघराच्या वर लक्ष्मीची एक तसबीर आहे, कमळावर उभी, मागे सोंडेत हार घेतलेला हत्ती, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी असेल. मी ती जन्मापासून बघतेय पण कधी हातात घेतली नव्हती. यावेळी काच पुसायला म्हणून खाली उतरवली आणि उजेडात धरल्यावर लक्षात आलं की साडीचा काठ छापलेला नाहीच, वरून खरी जर चिकटवलीये, गळ्यातल्या हारावर मोहरीएवढ्या टिकल्या, त्यातल्या काही सुटून काचेच्या तळाशी जमल्यात. आत्या म्हणाली हे आजीच्या सासूबाईंचं काम, त्या दुपारी सगळं आवरल्यावर खळ करून एकेक टिकली बसवायच्या. आणि खाली कडेला बारीक इंग्रजी अक्षरात छापलंय, रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

आता प्रश्न. माझा भाऊ चित्रकार आहे, चांगला आहे, बहीण म्हणून नाही म्हणत. त्याने मध्यंतरी स्वतःच्या खर्चाने प्रदर्शन लावलं, आठवडाभरात मोजून चाळीसेक माणसं आली, त्यातली वीस आमचीच. त्याच आठवड्यात त्याच शहरात एका मॉलमध्ये मोठमोठ्या पडद्यांवर प्रसिद्ध चित्रं हलती करून दाखवण्याचा शो होता, तिथे रांग रस्त्यापर्यंत. तो मला म्हणाला, ताई, लोकांना जे आवडतं तेच चालतं, माझं नाही आवडत. मला हे पटलं नाही आणि उत्तरही देता आलं नाही. त्या चाळीस माणसांव्यतिरिक्त कोणी बघितलंच नाही तर आवडलं नाही असं कसं म्हणायचं?

मग त्या तसबिरीवर गाडी अडकली. पणजीला ती लक्ष्मी एवढी आवडली की तिने तिला खरी जर लावली. पण ती आवडली कारण रवि वर्मांचा हात तसा होता, की वाईच्या बाजारात त्या काळी रंगीत चित्र म्हणून तेवढंच येत होतं? आणि आज जे "पब्लिकला हेच पाहिजे" म्हणतात त्यांना हे कळतं कुठून?

गिरगाव_जुनं

ताई, तसबीर जपून ठेवा, काच आणि चित्राच्या मध्ये ओल जाऊ देऊ नका, आणि ती चिकटवलेली जर स्वतः साफ करायला जाऊ नका.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या छापलेल्या ओळीतच आहे असं मला वाटतं. रवि वर्मा राजेरजवाड्यांचे चित्रकार, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून १४ पौराणिक चित्रं करून घेतली होती, ती राजवाड्यात लागली. तिथेच राहिली असती तर वाईच्या तुमच्या पणजीला रवि वर्मा हे नावसुद्धा कळलं नसतं. ही चित्रं छापून सगळीकडे जाऊ द्या असं रवि वर्मांना दिवाण टी. माधवराव यांनी सुचवलं होतं (हे माधवराव मूळचे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले). मग १८९४ साली रवि वर्मा आणि त्यांच्या धाकट्या भावाने आमच्या गिरगावात छापखाना काढला, यंत्रं जर्मनीची, कारागीरही तिकडचे. पुढे मुंबईत प्लेगने थैमान घातल्यावर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तुमच्या तसबिरीवर कार्ला-लोणावळा आहे म्हणजे ती गिरगाव सोडल्यानंतरची.

आता ते छापायचे कसे तेही बघा, कारण एवढा खटाटोप कोणी उगीच करत नाही. तैलचित्रातले रंग सुटे करायचे, प्रत्येक रंगाचा वेगळा दगड, त्यावर उलटं चित्र काढायचं, आणि तोच कागद एकेका दगडावर दाबून छापायचा. जितके रंग तितके फेरे. कागद केसभर सरकला की देवीचे ओठ गालावर जातात, तो कागद वाया. हे सगळं करून चित्र स्वस्तात विकायचं म्हणजे हजारोंनी खपवल्याशिवाय धडगत नाही, त्यामुळे कुठलं चित्र छापायचं हे ठरवताना कुठलं खपेल हा विचार पहिल्या दिवसापासून होताच. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला. आणि तरीही धंदा काही त्यांना झेपला नाही, शेवटी तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, छापखाना विकावा लागला. त्याने मग हीच चित्रं मालाच्या लेबलांवर आणि कंपन्यांच्या कॅलेंडरांवर नेली. दुकानदार कॅलेंडर फुकट द्यायचा, लोक घरी नेऊन त्याला कुंकू लावायचे.

पण मी याला नुसता बाजार म्हणणार नाही. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते त्यांच्या झोपडीतही त्या कागदामुळे देवी आली, समोरासमोर, मध्ये कुणी पुजारी नाही. हे फार मोठं काम आहे. फक्त त्याबरोबर एक गोष्ट झाली. आज लक्ष्मी डोळ्यासमोर आण म्हटलं की आपल्या सगळ्यांना एकच बाई दिसते. तो चेहरा आपण निवडला नाही, तो आपल्यापर्यंत पोचला.

कुडाळकर_माणगा

गिरगाव_जुनं यांच्या शेवटच्या ओळीवरून लिहितोय.

आमच्या कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथली ठाकर समाजाची चित्रकथी बघितलीये का कोणी? बघितली नसेल तर तुमचा दोष नाही, पण एकदा या. सुट्या कागदांची पोथी असते, एकेका पोथीत रामायण महाभारतातलं एकेक आख्यान, कथेकरी एक चित्र समोर धरतो, त्या प्रसंगाचं गाणं म्हणतो, मग ते मागे सारून पुढचं. चेहरे एका बाजूने काढलेले, डोळे एवढे मोठे की चेहऱ्यातून बाहेर येतील की काय असं वाटतं, लाल आणि काळा रंग अंगावर येतो. मी पहिल्यांदा नीट बघितली तेव्हा माझं वय पस्तीस होतं, आणि गाव माझ्यापासून चार किलोमीटरवर.

पस्तीस वर्षं मला राम कसा दिसतो हे कॅलेंडरने सांगितलं. त्या पोथीतला राम माझ्या गावाशेजारी पेटीत गुंडाळून ठेवलेला होता. तो कमी प्रतीचा होता का? नाही. त्याच्यामागे छापखाना नव्हता, रेल्वेने गठ्ठे पाठवणारा माणूस नव्हता. दिवसभर जत्रेत फिरून मिळतील त्या पैशावर चालणारं घर होतं. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, आयुष्य घातलं, २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात फोटो आले आणि मग आमच्याच जिल्ह्यातल्या लोकांनी विचारलं की हे कुठे आहे म्हणून. म्हणजे पद्मश्री हीच त्या कलेची पहिली मोठी जाहिरात झाली. मला त्या बातमीचा आनंद झाला आणि त्याच दिवशी रडूही आलं.

ताई, तुमच्या भावाला सांगा, न बघितलेल्या गोष्टीवर लोकांचं मत नसतं.

ऑपरेटरचा_पोरगा

माझे वडील गडहिंग्लज भागात थेटरात ऑपरेटर होते, त्यामुळं जाहिरातीला कोणी नावं ठेवली की मला जरा लागतंय, म्हणून लिहितो.

फाळक्यांचं उदाहरण घ्या. हे दादासाहेब त्याच रवि वर्मांच्या छापखान्यात काम करून आलेले, म्हणजे चित्र लोकांपर्यंत कसं न्यायचं हे त्यांनी तिथं डोळ्यानं बघितलेलं. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनला राजा हरिश्चंद्र लागला, आणि त्याच्या जोडीला नाच, विनोदी स्केच, पायानं वस्तू झेलणारा कसरतपटू असं सगळं ठेवलेलं, कारण नुसतं चित्र बघायला लोक येतील याची खात्री कुणाला होती. पुढं सुरतेला नेला तर पहिल्या खेळाला गल्ला तीन रुपये. थेटरवाला म्हणाला, अहो इथं दोन आण्यात सहा तासांचं नाटक मिळतंय, तुमचा खेळ दीड तास पण नाही. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली, ५७ हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं फक्त तीन आण्यात. गल्ला ३०० रुपयांवर गेला.

आता मी ऑपरेटरचा पोरगा, त्यामुळं हिशोब केल्याशिवाय राहवलं नाही. ३५ एमएमच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. ५७ हजाराला १६ नं भागा, साडेतीन हजार फुटांच्या आसपास येतंय. मैल ५,२८० फुटांचा. म्हणजे चित्र एक मैलसुद्धा नव्हतं, दोन तर लांबच. जाहिरातीतले दोन आकडेच एकमेकांशी जुळत नाहीत. पण बघा, सुरतेतल्या माणसाला अडचण काय होती? त्याला वेळेच्या हिशोबात हा खेळ महाग वाटत होता. फाळक्यांनी मापच बदललं, तासाच्या जागी मैल आणले. खोटं होतं का, लांबीपुरतं होतं. पण आत गेल्यावर जे बघायला मिळालं ते खोटं नव्हतं, आणि ती तीन आण्याची माणसं आली नसती तर आज आपण ज्याला भारतीय सिनेमा म्हणतो तो कुठं असता ते सांगता येत नाही.

आमच्याकडं नवीन पिक्चर लागला की टांग्याला दोन्ही बाजूनं पोस्टरचे बोर्ड बांधायचे, वर भोंगा, आणि माणूस गावभर ओरडत फिरायचा, रोज तीन खेळ, रोज तीन खेळ. गुलाबी पिवळ्या कागदाची हँडबिलं उधळायचा आणि आम्ही पोरं त्यामागं पळायचो, मी वडिलांच्या थेटरातली असूनपण गोळा करायचो. पण वडील एक गोष्ट नेहमी सांगायचे. शुक्रवारचा गल्ला भोंग्याचा, सोमवारचा पिक्चरचा. सोमवारी ते खेळ सुरू करून छिद्रातून खाली खुर्च्या बघायचे आणि घरी आल्यावर आईला सांगायचे, हा चालतोय किंवा हा उतरणार. त्यांचा अंदाज क्वचित चुकला. भोंगा दोन्ही पिक्चरला सारखाच फिरलेला असायचा.

नाट्यवेडा_ठाणे

ऑपरेटर साहेब, तुमच्या वडिलांचं वाक्य शंभर टक्के खरं होतं, पण आता सोमवार येतच नाही हो, अडचण तिथे आहे.

मी एका मराठी सिनेमाच्या कामात थोडाफार होतो, नाव घेत नाही. प्रमोशनला पैसे नव्हते, जे होते ते पोस्टरात गेले. एका मल्टिप्लेक्समध्ये शो मिळाला तो शुक्रवारी सकाळी सव्वाअकराचा. कामाच्या दिवशी सव्वाअकराला कोण येणार? नऊ माणसं होती, मी मोजली. शनिवारी सकाळी ऑनलाइन बघतो तर आमचा शो नाही, रविवारी नाही. ज्यांनी शुक्रवारी बघितला त्यांनी घरी जाऊन सांगितलंही असेल की चांगला आहे, पण त्यांच्या बायकोला, भावाला बघायला शो कुठे होता? तोंडी प्रसिद्धीला किमान चार दिवस लागतात आणि तेवढे आम्हाला कोणी दिले नाहीत. नंतर व्यवस्थापनाने सांगितलं की प्रतिसाद नव्हता. हा "प्रतिसाद नाही" शब्द मला अजून झोपेत ऐकू येतो.

पडदा मिळणं हीच पहिली जाहिरात असते आणि हे आजचं नाही. १९७१ ला दादा कोंडक्यांच्या सोंगाड्याला दादरच्या कोहिनूरने जागा नाकारून हिंदी पिक्चर लावायचं ठरवलं होतं, बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले तेव्हा तो लागला. पुढे दादांचे लागोपाठ नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले. म्हणजे ज्या माणसाचं नाव गिनीज बुकात गेलं तो पब्लिकला नको असेल असं सुरुवातीला कोणीतरी गृहीत धरलं होतं! २०१५ ला सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवा म्हणून सांगितलं, त्यावर केवढा गदारोळ झाला, आणि मग प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं ठरलं. आता दुपारी बाराचा शो प्राइम टाइम कोणासाठी?

नाटकात अजून थोडी धुगधुगी आहे ती यामुळे की तिथे माणूस माणसाला सांगतो. गडकरी रंगायतनला बुकिंगच्या खिडकीत पूर्वी प्लॅन पसरलेला असायचा, विकलेल्या खुर्च्यांवर पेन्सिलची फुली. मी तिकीट काढताना आधी फुल्या बघायचो. मधला भाग भरलेला आणि बाल्कनीतही फुल्या दिसल्या तर नाटक न बघताच विश्वास बसायचा. मग लक्षात आलं की मी नाटक निवडत नव्हतो, आधी आलेल्या लोकांना निवडत होतो. पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींचं तेच, "हाऊसफुल्ल" हा शब्द नटाच्या नावापेक्षा मोठ्या टायपात का असतो?

आणि पैशाचं म्हणाल तर २००४ आठवा. श्वास ऑस्करसाठी भारताकडून गेला, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, पण तिकडे जाऊन मतदारांना सिनेमा दाखवायचा, जाहिराती द्यायच्या, त्याला जो खर्च होता तो निर्मात्यांच्या आवाक्यातला नव्हता. लोकांनी वर्गणी काढली. मीही दिली होती, कॉलेजात होतो, पन्नास रुपये. सिनेमा चांगला आहे यावर कोणाचंच दुमत नव्हतं, प्रश्न फक्त तो मतदारांच्या डोळ्यासमोर नेण्याचा होता.

रेडिओ_सदाशिव

सगळ्यांचं वाचलं, छान चर्चा, पण मला एक उलट उदाहरण द्यायचंय. गीतरामायण. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर पहिलं गाणं लागलं, वर्षभर दर आठवड्याला एक नवीन, एकूण ५६. गदिमा आणि बाबूजी. ना पोस्टर ना भोंगा. आमच्या घरी रेडिओला हार घालायचे त्या वेळी, ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते आमच्या ओसरीवर येऊन बसायचे, असं आई सांगते. हे कुठल्या मार्केटिंगने झालं? चांगली गोष्ट आपोआप पोचते यावर माझा विश्वास आहे आणि तो सोडायची माझी तयारी नाही.

गिरगाव_जुनं

रेडिओ_सदाशिव, गीतरामायणाबद्दल तुमच्याइतकंच प्रेम मलाही आहे. पण "आपोआप" या शब्दाशी मी सहमत नाही. ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, आठवड्यात तेच गाणं पुन्हा ऐकवायचं, आणि वर्तमानपत्रं शब्द छापायची. ऐकायला दुसरं केंद्र लावावं म्हटलं तर पर्याय किती होते? सीताकांत लाड नावाचे आकाशवाणीचे अधिकारी होते ज्यांनी हा कार्यक्रम मनावर घेतला. एका माणसाने खुर्चीवर बसून ठरवलं की हे वर्षभर चालवायचं, पहिल्या चार आठवड्यांत बंद नाही करायचं. मला तर तिथेच सगळं दिसतं. नाट्यवेड्यांच्या सिनेमाला असा एक लाड भेटला असता तर?

रेडिओ_सदाशिव

हे मान्य. मी आईकडून फक्त हार घातल्याचं ऐकलं होतं, वर्षभर चालू ठेवणाऱ्याचा विचार केला नव्हता. पण मग उलटही खरं आहे ना, आज तेवढीच वेळ आणि तेवढेच आठवडे रोज टीव्हीवर मिळणाऱ्या कितीतरी गोष्टी आहेत, त्यातलं पन्नास वर्षांनी कोणी गुणगुणेल का? जागा मिळाल्याने माणूस ऐकतो, पाठ होत नाही.

वाईची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, मी काल रात्री हे सगळं भावाला मोठ्याने वाचून दाखवलं. ऑपरेटर दादांचा १६ फ्रेमचा हिशोब त्याने कागदावर करून बघितला आणि पहिल्यांदा जरा मोकळा झाला. कुडाळकरांचं वाक्य त्याने वहीत लिहून घेतलंय.

मला स्वतःला काय वाटतं ते सांगते. पणजीला लक्ष्मी पोचली ती छापखान्यामुळे, याबद्दल आता शंका नाही. पण वरची खरी जर मात्र तिने लावली. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं, कॅलेंडर छापणाऱ्याने नाही, दुकानदाराने नाही. बाजारात हजारो सारख्या लक्ष्म्या आल्या असतील, आमच्या देवघरातली मात्र तिच्या हाताने वेगळी झाली. मी परत ती तसबीर बघितली तर एका बाजूच्या टिकल्या अगदी नेटक्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला वेड्यावाकड्या, आत्या म्हणते शेवटी शेवटी डोळ्यांनी दिसत नव्हतं तरी करायच्या. हे प्रेम कुठल्या जाहिरातीने विकत मिळत नाही एवढं मला कळतंय. पण चित्र तिच्या हातात आलंच नसतं तर ती जर कशाला लावणार होती?

भावाचं प्रदर्शन परत लावायचा विचार आहे, यावेळी गॅलरी न घेता. कोणाकडे कल्पना असतील तर सांगा.

नाट्यवेडा_ठाणे

आमच्या सोसायटीचा हॉल आहे ठाण्यात, ऐंशी माणसं बसतात, भिंती पांढऱ्या आहेत, दिव्याची सोय मी करतो. पण एक दिवसासाठी नको, दोन शनिवार-रविवार ठेवा, सलग. पहिल्या रविवारी जे येतील त्यांना दुसऱ्या रविवारी माणसं आणायला वेळ मिळाला पाहिजे. भाडं नको.

ऑपरेटरचा_पोरगा

हँडबिलं मी छापून देतो. गुलाबी कागदावर. आणि भाऊंना सांगा, कुठलं तरी एक चित्र निवडा आणि ते काढायला किती दिवस लागले, किती वेळा खोडलं ते खरं खरं आकड्यात लिहा, लोक थांबून वाचतील.

कुडाळकर_माणगा

पिंगुळीच्या एका कथेकऱ्यांशी बोलतो, जमलं तर दुसऱ्या रविवारी संध्याकाळी एक आख्यान. त्यांचा येण्याजाण्याचा आणि मानधनाचा खर्च मात्र आपण आधी जमवायचा, नंतर बघू असं नाही. माझे दोन हजार धरा.

वाईची_लेक

काय बोलू सुचत नाहीये. भाऊ शेजारी बसलाय, तो विचारतोय हॉलच्या भिंतीला खिळे ठोकलेले चालतील का की दोरीवर टांगायची, आणि कुठला शनिवार.

नाट्यवेडा_ठाणे

खिळे नको, वर लाकडी पट्टी आहे, तिला हुक लावू. या महिन्याचा तिसरा आणि चौथा शनिवार रिकामा आहे, आजच वहीत नाव लिहून टाकतो.